सगुणाला पत्र

काळुराम मिठागरावरून तसाच आला होता. पोटऱ्यांवर मीठ वाळून पांढरं झालं होतं. पायरीखाली उभं राहून त्याने पागोट्यातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं.

"बाला, सुट्टी संपायच्या आदी येवरं लिवून दे," तो म्हणाला. "सगुणाला."

ओटीवर बसलेल्या गोपीनाथने पुस्तक मिटलं. मुंबईच्या डॉक्टरी कॉलेजात त्याचं हे दुसरं वर्ष. मुंबईला युनिव्हर्सिटी होऊन तीस वर्षं झाली होती, पण माजिवड्याच्या मिठागरातून तिथवर पोचलेला तो पहिलाच. गावातलं सगळं लिहिणं-वाचणं सुट्टीत त्याच्याकडे यायचं.

"पत्ता काय घालू, काका?"

"कुलाब्याची कापसाची प्रेस. शिमग्याला मी जाऊन आलू तिथं. मुकादम बोलला, तुझी पोर आजारी पडली, मंग कामाला आलीच नाय. पन बायका येत-जात असतात, कोनीतरी पोचवील."

गोपीनाथने दौत जवळ ओढली. सगुणा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं.

ती सरकारी दवाखान्यात तापाने गेली होती. प्रेताला कोणी विचारायला आलं नाही, म्हणून ते कॉलेजला मिळालं. पौषातल्या एका सकाळी चिरफाडीच्या खोलीत चौथ्या टेबलावरची चादर निघाली, तेव्हा गोपीनाथला आधी पाय दिसले. मिठाने तळवे लाकडासारखे झालेले. असे तळवे त्याच्या आईचे होते. मग डाव्या हातावर गोंदलेला विंचू दिसला. गोंदताना तिने हात झटकला होता, म्हणून नांगी वाकडी. तेव्हा तो हात गोपीनाथनेच दाबून धरला होता. तो सात वर्षांचा, ती नऊची.

टेबलाला चौघे विद्यार्थी होते. बाकीचे तिघे नाकाला रुमाल लावून मागे उभे. त्यांतल्या परशुरामने गोपीनाथच्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय रे, ओळखीची की काय?"

तिघे हसले. वर्गात हे तिघे त्याच्यापासून हातभर लांब बसत. खानावळीत त्याचं पान दाराबाहेर मांडलं जाई. त्याच आठवड्यात पहिल्यांदा परशुरामने त्याला आपल्या वह्या उतरवून घ्यायला दिल्या होत्या. 'आमच्या गावची आहे' एवढं तो बोलला असता, तर प्रेत परत मिळालं असतं.

"नाही," गोपीनाथ म्हणाला, आणि सुरी उचलली.

विंचू गोंदलेली कातडी त्याने आधी काढली. पुढे महिनाभर त्या हातावर तो इतकं हळू, इतकं निगुतीने काम करत राहिला की प्रोफेसरसाहेबांनी तो हात सगळ्या वर्गाला दाखवला. वर्षाअखेर त्याला चांदीचा बिल्ला मिळाला.

त्याची आई आवडाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "भावजी, गोप्याचं बक्षीस बगितलंत काय?" तिने कनवटीचा बिल्ला सोडून पुढे केला.

काळुरामने धोतराला हात पुसून तो घेतला. "कशात मिलालं रं?"

"हाताच्या कामात."

"नाडी बघायच्या?"

गोपीनाथने टाक दौतीत बुडवला. "व्हय, त्येच," आवडाबाई म्हणाली.

काळुराम पायरीवर टेकला आणि सांगू लागला. "लिव. सगुणा, तुझ्या बापाचा आशीर्वाद. नवऱ्याच्या घरून पलून आलीस तवा मी तुला दाराशी आडवली. म्हातारपनी अक्कल आली. आता कोन काय बोलंल ते बोलू दे. घरी ये."

टाक थांबला.

"काका, जरा थांबा. मला सांगायचंय. सगुणा..."

काळुराम झटकन उठला. "दिसली काय तुला? मुंबैत दिसली? बरी हाय ना रं?"

दारात आवडाबाईही थबकली. म्हाताऱ्याचे दोन्ही हात पुढे आले होते, जणू काही द्यायचं असेल तर त्याने ते त्या ओंजळीतच द्यावं. गोपीनाथने त्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाही. मुंबई मोठी आहे, एवढंच म्हणत होतो."

"मोठी हाय म्हनून तर लिवतू." काळुराम पुन्हा बसला. मग तो बिल्ल्याकडे बघून म्हणाला, "आता शेवटचं लिव. तिथं काय आडलं-नडलं, जीवाला बरं नसलं, तर सरकारी दवाखान्याच्या कॉलेजात जा. आपला गोपीनाथ हाय तिथं. तो तुला टाकनार नाय. लिवलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाव."

गोपीनाथ वाचू लागला. आशीर्वाद झाला, दार झालं, घरी ये झालं. आपल्या नावापाशी येऊन तो थांबला.

काळुराम हसला. पोर गेल्यापासून त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"अरं, सोताचं नाव वाचाया लाजतोस काय? वाच. मोठ्यानं वाच."