जिलानीची चूक

"बॉनेट उघडू का, सर?" जिलानी मिस्त्रीनं पुन्हा विचारलं.

वेताच्या खुर्चीत बसलेल्या श्रीपाद सरांनी आधी जीपकडे पाहिलं, मग मुलाकडे. गंधारनं मान हलवली तेव्हा कुठे ते म्हणाले, "उघडा. पोरींचं होस्टेल होणार इथं. हिला तरी किती दिवस धरून ठेवू?"

लातूरच्या त्या अंगणात ती पेट्रोल जीप भूकंपापासून पत्र्याखाली उभी होती. आजूबाजूची घरं पाडून क्लास निघाले, क्लासांवर होस्टेलं चढली, हदगाव-रेणापूरची पोरं डॉक्टर व्हायला गल्लीत येऊन राहिली. जीप जागची हलली नाही. सर हलवू देत नव्हते. घराचे जीव तिनंच वाचवले होते ना!

ती हकिकत गल्लीला तोंडपाठ होती. अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. बायकोला आणि तान्ह्या गंधारला घेऊन सर किल्लारीजवळच्या आपल्या गावी निघाले होते. सौदामिनीबाईंनी शाळेतली नोकरी सोडून सासूजवळ राहायचं ठरलं होतं, म्हणजे सासूनं ठरवलं होतं. ट्रंक चढली, शिलाई मशीन चढलं. सरांनी स्टार्टर मारला आणि जीप ढिम्म. जिलानीनं दुपारीच इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावून जीप अंगणात आणून सोडली होती आणि तो बहिणीकडे अर्धापूरला निघून गेला होता. बॅटरी संपेपर्यंत सरांनी त्याच्या नावानं खडे फोडले. शेवटी मंडळी घरीच झोपली. पहाटे जमीन हादरली. गावातलं दगडी घर सरांच्या आईसकट खाली बसलं.

"मिस्त्री टायमिंगला चुकला, म्हणून आम्ही आहोत," सर येईल त्याला सांगायचे. दर अनंत चतुर्दशीला जीपला हार आणि जिलानीला पेढे. पेढे बाई स्वतः घेऊन जायच्या, दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिले नाहीत. बॉनेटला मात्र कुणी हात लावायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद.

गल्लीनं त्याचं नावच पाडलं, चुकीचा जिलानी. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "मिस्त्री, सासुरवाडीला निघालोय, टायमिंग जरा चुकवा की!" तो हसायचा. आतून मात्र सलायचं. बाकी काहीही चुकावं, पण टायमिंग? त्याची बायको मलिका म्हणायची, "लेकराबाळांचे जीव वाचले, तुमचा हात चुकला तर चुकला." मलिका गेली, सल राहिला. त्या दुपारी आपण खरंच चुकलो का, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं, मग मरायला मोकळा.

सिलिंडरांत त्यानं आधीच तेल सोडून ठेवलं होतं. आता पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा धरला.

"गंधार, हँडल मार. हळू. लई जोर न्हाई लावायचा."

कुरकुरत इंजिन फिरलं. जुना वास आला आणि जिलानीला ते दिवस आठवले. गॅरेज बंद करताना तो प्रत्येक गाडीचा रोटर काढून खिशात घालायचा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालचा बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, चारी प्लगांना करंट वाटणारा. "ह्यो काढला की चोराला गाडी ढकलतच न्यावी लागती," असं सगळ्यांना कौतुकानं दाखवायचा. सरांना असल्या गोष्टींचा कंटाळा. बाई मात्र गंधारला कडेवर घेऊन उभ्या राहायच्या, टोपी उघडून दाखवा म्हणायच्या. काय दिवस होते!

अंगठ्याला हवा लागली. "बस!"

पुलीवरची खूण काट्यासमोर आली होती. डिस्ट्रिब्युटरची मान त्यानं रॉकेलच्या फडक्यानं पुसली. गंजाखाली छिन्नीची खूण होती, त्यानंच त्या दुपारी टायमिंग लावल्यावर मारलेली. अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर. दोन्ही मिळून एक सरळ रेघ. केसभरही सरकलेली नव्हती.

जिलानीचे डोळे भरून आले. बरोबर होतं. त्याचं टायमिंग बरोबर होतं! सगळ्या गल्लीला ओरडून सांगावं असं त्याला वाटलं.

"सर, जरा इकडं येता का? एक चीज दाखवायची हाय तुमाला."

सर काठी शोधू लागले. तोवर जिलानीनं डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली.

आत रोटर नव्हता.

तो बघतच राहिला. रोटर आपोआप पडत नाही. टोपीच्या दोन्ही क्लिपा तर नीट बसवलेल्या होत्या.

"चहा घ्या, भाई."

सौदामिनीबाई शेजारी येऊन उभ्या होत्या. त्यांनी मडगार्डवर कप ठेवला. बशी किणकिणली. मग त्यांनी पदराखालची मूठ त्याच्यासमोर उघडली. तळहातावर रोटर होता. त्याची पितळी पट्टी घासून पुसून लख्ख ठेवलेली होती.

मागून काठीचा आवाज जवळ येत होता.

जिलानीनं रोटर उचलला, जागेवर बसवला. पाना घेऊन क्लॅम्प ढिला केला आणि डिस्ट्रिब्युटर हातानं फिरवला. सरळ रेघ मधोमध तुटली.

"काय दाखवताय, मिस्त्री?" सर वाकून बघू लागले. "सापडली का तुमची चूक?"

"हाव सर," जिलानी तुटलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला. "ही बघा. टायमिंगच चुकलं होतं माझं."