आत राखलेले कापड

गडचिरोलीच्या पोलीस भरतीत मागच्या वर्षी माझी बहीण करिष्मा धावताना अर्ध्यावर थांबली होती. उद्या पुन्हा धावायचे होते आणि सकाळपासून “मी नाई जात” एवढेच ती म्हणत होती. बाजारातून आणलेली ट्रॅकपँटही ढगळ निघाली. “यात आपली शेळीबी मावते, दादा!” ती कुरकुरली. आईच्या शिलाई मशीनवर मी पँट उलटी करून दोन्ही बाजूंनी आत घेतली. ताणणाऱ्या कापडावरची सरळ टीप धावताना तुटते, म्हणून कापड ओढून धरत शिवले. “उरलेलं कापून टाक ना,” ती म्हणाली. मी कात्री उचलली नाही. “राहू दे. ट्रेनिंगमध्ये पोटभर खायले भेटन, अंगाले लागन. मंग उसवून मोठी करजो.” ती गेल्यावर घर किती सुने होईल, या विचारातच मी दोरा तोडून पँट तिच्या हातात दिली. पँट कमरेशी लावून ती हळूच म्हणाली, “दादा, पहाटे मले उठवजो.”