घाटातला नमस्कार

घाटातल्या देवीचं देऊळ आलं आणि शिरीष खांबेट्यांनी सवयीने नमस्कार केला. एरवी ते एकच हात छातीशी नेत; आज दोन्ही गेले. लक्षात आलं तेव्हा पुढ्यात वळण होतं आणि खाली दरी.

गाडी अलगद वळली. स्टिअरिंग मात्र जागचं हललंसुद्धा नाही.

शेजारी त्यांची बायको, वैजू, संत्रं सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

हीच वैजू तीस वर्षं जीव मुठीत धरून बसायची आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबायची. वर्षभरात तिने ते सोडलं होतं. आपण बदललो म्हणून, असं शिरीषराव समजत. उगाच वेग नाही, हॉर्न नाही. चार्जिंगचा खर्च निम्मा, रक्तदाब आटोक्यात. सोसायटीत ते यावर व्याख्यानं झोडत.

त्यांनी स्टिअरिंग गरागरा फिरवलं. गाडी आपल्या वाटेने चालत राहिली.

"कधीपासून?"

"तुम्हाला चक्कर आली होती ना, तेव्हापासून. निनाद म्हणाला, गाडी सोडायला सांगितलं तर बाबा खचतील. म्हणून गाडी आपली आपण चालेल अशी करून घेतली, स्टिअरिंग-ब्रेक नुसते दाखवायला ठेवले. अहो, तुमच्या जिवासाठीच…"

"आणि तू रोज म्हणायचीस, हल्ली काय सुरेख चालवता!"

वैजूने संत्र्याची फोड पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

पुढचं वळण आलं तेव्हा, पूर्वी वैजू दाबायची तसा त्यांनी ब्रेक करकचून दाबला. गाडी जराही मंदावली नाही.