रविवारचं ताट

“आणि दर रविवारी ते मुलाचं ताट वाढून ठेवतात,” हळुबाईनं कागदावरून मान वर केली. “दुपार उलटली की झाकतात. रात्री तेच स्वतः खातात.”

टेबलाभोवती क्लिनिकल सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसले होते आणि टोकाला विभागाच्या प्रमुखबाई. विभागाची मदतीची एक फोनलाइन होती, ती विद्यार्थी आळीपाळीनं सांभाळत. फोन करणारा नाव सांगत नसे, कुणी विचारतही नसे. तरीही चर्चेत केस मांडायची ती वेश पालटून, हा विभागाचा शिरस्ता. गाव बदलायचं, धंदा बदलायचा, बाईचा बाप्या करायचा आणि बाप्याची बाई.

आजची केस होती निवृत्त पोस्टमनची. घरात एकटा, झोप उडालेली. मुलगा परगावी मोठ्या कामात. फोनवर बाप बोलतो आणि मुलगा ‘हं’ म्हणतो. मागे टकटक टाइप केल्याचा आवाज येत असतो.

सुरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिला वर्गात सुरी म्हणत, कारण ती केसचे दोन तुकडे करून मोकळी व्हायची. फोनवरचं रडगाणं मात्र तिला सोसत नसे. आपली पाळी ती कुणाच्या तरी गळ्यात घाली, बहुतेकदा हळुबाईच्याच. हळुबाई हे नावही वर्गानंच ठेवलेलं; तिला कुणाला नाही म्हणता येत नसे.

सुरीला मोठ्या इस्पितळातली नोकरी हवी होती. जागा एकच, आणि शब्द प्रमुखबाईंचा. नोकरीबरोबर दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. तिथं आईला आणून ठेवायचं, मग तिला एक कपही विसळू द्यायचा नाही, असं सुरीनं मनाशी पक्कं केलं होतं. आई वाचनालयातून निवृत्त झालेली, तक्रार करणं तिच्या रक्तातच नव्हतं. “तू आधी परीक्षा दे,” एवढंच म्हणायची. वर्षाच्या सुरुवातीला सुरीनं फोनलाइनच्या कार्डांचा गठ्ठा तिच्याकडे धाडला होता, तोसुद्धा तिनं मुकाट्यानं वाचनालयात नेऊन वाटला होता. आता परीक्षा तोंडावर होती. घरी जाणं काय, एकदाच ऐटीत जाता आलं असतं.

टेबलाच्या टोकाला प्रमुखबाईंचं पेन थांबलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सुरीच्या डोक्यात चटकन प्रकाश पडला. शिरस्ता उलटा फिरवला की बापाची आई होत होती आणि मुलाची मुलगी. प्रमुखबाईंची म्हातारी आई गावी एकटी राहते, हे तर शिपायालाही ठाऊक होतं.

म्हणजे ती ‘हं’ म्हणणारी लेक समोरच बसली होती. दुसऱ्या कुणी शब्द गिळले असते. पण बाईंना लोणी लावलेलं खपत नाही, हे सुरी ओळखून होती. तिनं ठरवलं, आता हात आखडायचा नाही.

“मुलगा येणार नाही,” ती म्हणाली. “आजार मुलाचा नाही, वाट बघण्याचा आहे. त्याची खोली रिकामी करायला सांग. भाडेकरू ठेवा म्हणावं. जो येणारच नाही, त्याचं ताट वाढून ठेवू नये.”

“इतकं तोडून?” हळुबाई कळवळली. “एकदा मुलाशी मोकळं बोलून बघा, असं सांगू का?”

“हं म्हणणाऱ्याला ऐकू येतं होय?”

कुणीतरी हसलं. प्रमुखबाई हसल्या नाहीत. त्या हळुबाईला म्हणाल्या, “हेच सांगा. ह्याच शब्दांत.”

परीक्षा झाली आणि प्रमुखबाईंनी सुरीला खोलीत बोलावलं. आपण नको तिथं घाव घातला, आता नोकरीवर पाणी सोडायचं, असंच तिला वाटत होतं. बाईंनी मात्र शिफारस सही करून पुढे सरकवली.

“त्या दिवशी मला लागलं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं लागलं. कालच आईकडे राहून आले.”

सुरी जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत. एका दगडात दोन पक्षी. आईला फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. परीक्षेच्या धांदलीतही असंच झालं होतं. गेली असेल वाचनालयात, असं म्हणून तेव्हा तिनं पुस्तकात डोकं घातलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच झालं होतं. आताही तिनं फोन खिशात टाकला. नाहीतरी तोंडानं सांगण्यात मजा जास्त.

रविवारी भर दुपारी तिनं घराची कडी वाजवली. दार आईनंच उघडलं. आई उजळली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. “अगं, तू?” ती म्हणाली आणि शेजारणीला बसवावं तसं तिनं लेकीला खुर्चीत बसवलं. पाणी आणून दिलं.

सुरीनं भडाभडा सगळं सांगितलं. नोकरी, दोन खोल्या, आणि आता तू सामान बांधायला घे. आईनं सगळं ऐकून घेतलं. “चांगलं झालं हो,” म्हणाली.

सुरी बॅग ठेवायला आपल्या खोलीकडे गेली. दाराला नवं कुलूप होतं आणि बाहेर अनोळखी चपला. तिची पुस्तकं जिन्याखाली दोरीनं बांधून ठेवलेली होती.

“एक शिक्षिका राहते आता,” आई मागून म्हणाली. “मला सोबत होते. मी कुठं यायची नाही बाई, माझं इथं बरं चाललंय.”

लहानपणापासून ह्या घरात भांडण मिटायचं ते जेवणावर. सुरीनं हसायचा प्रयत्न केला. “बरं, ते नंतर बोलू. आधी वाढ, पोटात कावळे ओरडताहेत.”

ओट्यावर एकच ताट धुऊन पालथं घातलं होतं. आईनं पदराला हात पुसले.

“आज काही उरलं नाही गं,” ती म्हणाली. “जो येणारच नाही, त्याचं ताट वाढून ठेवू नये.”