ट्रायलचे शेवटचे दोन पीस

चौथ्या पिसालाही बुडबुडे आले.

अजिमने तो पाण्याच्या टाकीतून वर काढला, पुसला, पुन्हा बुडवला आणि हवेचा दाब दिला. पाइप आणि त्याच्या तोंडावरची चकती, म्हणजे फ्लॅन्ज, यांच्या वेल्डिंगच्या जोडातून, बरोबर त्याच जागेवरून, बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.

"किती राहिले?" निलोफरने ग्राइंडर खाली ठेवत विचारलं.

"दोन."

चाकणच्या कंपनीने ट्रायलसाठी सहाच पीस दिले होते. त्यातले दोन पास व्हायला हवे होते. दुपारी दोनला कंपनीच्या साधना मॅडम स्वतः येणार होत्या. आता सव्वाअकरा झाले होते.

तळवड्यातल्या त्या शेडमध्ये दोन महिने खिडक्यांच्या जाळ्यांशिवाय काम आलं नव्हतं. ट्रायल गेली तर महिनाअखेर चावी मालकाला द्यायची आणि अजिमने पुन्हा कुठेतरी ठेक्यावर शिफ्टला उभं राहायचं, हे नवराबायकोचं ठरलं होतं. एकदाच बोलले होते त्यावर.

कंपनीची अट होती, पीस हाताने फिरवून जोड मारायचा नाही, पोझिशनरवरच मारायचा. म्हणून अजिमने ऑनलाइन सगळ्यात स्वस्तातला पोझिशनर मागवला. तिरकं होणारं गोल टेबल, त्यावर जॉब, म्हणजे पीस, आवळायचा जबडा, खाली पेडल. पेडल दाबलं की जॉब सावकाश फिरतो, आपण वेल्डिंगची टॉर्च एका जागी धरून ठेवायची. बघायला अगदी सोपं. तीन आठवडे तो त्याच्याशी झगडत होता. वायर बदलून झाली, गॅस बदलून झाला. जोडातलं भोक काही हटत नव्हतं.

पाचवा पीस त्याने हातात घेतला आणि परत ठेवला. हात लावायचीच भीती वाटत होती.

"शेजारी विचारून बघा ना," निलोफर म्हणाली.

"कुठल्या तोंडाने?"

शेजारचं शेड सोपानरावांचं. साठी ओलांडलेला, वेल्डिंगमध्येच आयुष्य गेलेला, इथल्या गावातलाच माणूस. दीड वर्षापूर्वी अजिमचं सामान घेऊन आलेला टेम्पो त्यांच्या शटरला धडकला. माफी मागायची सोडून अजिमच तडकून बोलला, "म्हाताऱ्याने शटर रस्त्यावर आणून ठेवलंय." सोपानरावांनी ते ऐकलं. तेव्हापासून बोलणं बंद. त्यांचं शटर कायम अर्धं खाली असायचं, आणि आत काय काम चालतं ते अजिमने कधी वाकून पाहिलं नव्हतं.

बारा वाजता, गळका पीस हातात घेऊन, तो वाकून आत गेला.

सोपानराव स्टुलावर नुसतेच बसले होते.

"काका, तेव्हा मी चुकलो. आज फार अडलोय."

त्यांनी अजिमकडे पाहिलं, मग पिसाकडे. बराच वेळ.

"चाकणचा का ह्यो?"

"हो. दोनला मॅडम येतायत. आज नाही झालं तर आमचं संपलं."

"घरात कोन कोन हाय?"

"आम्ही दोघं, दोन पोरी, अम्मी."

सोपानराव स्टुलावरून उठले. "तू हो म्होरं."

अजिम परत आला. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

"नाही येत ते," तो म्हणाला.

साडेबाराला सोपानराव आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"पीस लाव. पेटवू नगंस, नुसतं फिरीव."

अजिमने पेडल दाबलं. पीस फिरू लागला.

"त्याच्या कानाकडं बघ," सोपानराव म्हणाले. पाइपाच्या एका अंगाला जाड पट्टीचा बाहेर आलेला कान होता. कान सावकाश वर चढला, माथ्यावरून पलीकडे गेला आणि टेबलाने बारीकसा हिसका घेतला.

"दिसलं? जड बाजू वरनं खाली येताना धप्पकन पडती. स्वस्तातल्या गिअरात ढिल असती. तेवढ्यात तुझी टॉर्च म्होरं उडी मारती. भोक तितंच पडतंय."

अजिम बघतच राहिला. तीन आठवडे त्याने काळ्या काचेतून फक्त ठिणगी पाहिली होती.

सोपानरावांनी फडकं सोडलं. आत लोखंडाचा गट्टू होता, मधोमध भोक पाडलेला. तो त्यांनी कानाच्या बरोबर समोर, टेबलाच्या खाचेत बोल्टने आवळला. टेबल फिरलं. हिसका गेला होता.

"वजन करून नाही पाहिलं, काका?"

"डोळ्याला कळतंय. मार आता. हात हालवू नगंस, फिरायचं काम टेबलाचं."

पाचवा पीस टाकीत गेला. निलोफर टाकीची कड धरून वाकली. पाणी स्थिर राहिलं. दाब वाढवला, तरी स्थिर. दीड वाजून गेल्यावर सहाव्यालाही बुडबुडा आला नाही.

"चहा तरी घ्या, काका," अजिम म्हणाला.

"नगं."

"हे वजन संध्याकाळी आणून देतो."

"ऱ्हाऊ दे तुलाच. मला न्हाई लागायचं."

ते गेले. थोड्या वेळाने त्यांचं शटर पूर्ण खाली आल्याचा आवाज झाला. जेवायला गेले असतील, निलोफर म्हणाली.

साधना मॅडम दोनच्या ठोक्याला आल्या. त्यांनी दोन्ही पिसांची मापं घेतली, ते स्वतः टाकीत बुडवले आणि घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग कागदावर सही केली.

"पास."

निलोफर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"सोमवारपासून माल सुरू करू," मॅडम म्हणाल्या. "हा जॉब दोन ठिकाणी ठेवायचा नाही, त्यामुळे सगळं काम तुमच्याकडेच येईल."

"याआधी कुणाकडे होतं, मॅडम?" अजिमने सहज विचारलं.

"बारा वर्षं एकाच माणसाकडे. एवढंच काम होतं त्यांच्याकडे. तुमची ट्रायल पास झाली की ते बंद होणार, हे त्यांना मागच्या आठवड्यातच कळवलंय, तुमच्या नावासकट." मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "त्यांच्याकडे पडलेले पीस आता तुम्हीच उचला. लांब जायला नको. भिंतीपलीकडेच आहेत, सोपानरावांकडे."