जाड अक्षरं

नवऱ्याचा मार मागे टाकून, कुणालाही पत्ता न सांगता लोरेटा बर्फाबर्फातून दूर मॅनिटोबा प्रांतात आली होती. शेजारीण इर्मा तिचा ईमेल कॉम्प्युटरवर बसवून देत होती.

"पासवर्ड जुनाच ठेवू ना ग?"

"हो बाई. आमच्या कुत्र्याचं नाव आहे. त्या घरातून तेवढंच सोबत आणता आलं."

"वेडाबाई! बरं बघ, न वाचलेली पत्रं जाड अक्षरांत दिसतात. या कॉम्प्युटरवर उघड नाहीतर दुसऱ्या कुठल्या, उघडली की सगळीकडे बारीक होतात."

तेवढ्यात सगळ्यात वर घरमालकिणीचं पत्र आलं: या घराचा भाडेकरार, पत्त्यासकट.

"उघड की," माऊस तिच्याकडे सरकवत इर्मा म्हणाली.

लोरेटाचे हात अजून कॉफीच्या कपाभोवतीच होते, तोवर ती जाड अक्षरं बारीक झाली.