गाडी फाटकापाशी आहे

वाडीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात मयुरा दुपारभर सर्व्हरचा बिघाड शोधत होती. त्यावर चालणारी वेब सर्व्हिस, म्हणजे इंटरनेटवरून आलेल्या प्रश्नांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, तिनेच पायथॉन या संगणकभाषेत ‘सोप’ (SOAP) पद्धतीने लिहिली होती. व्यापाऱ्याने एखादा ट्रक कुठे आहे असं विचारलं, की ही सर्व्हिस ठिकाण कळवायची. सकाळपासून मात्र एका ट्रकबद्दल ती एकच उत्तर देत होती: ‘गाडी फाटकापाशी आहे.’

तो ट्रक मयुराचा धाकटा भाऊ दुर्गेश चालवत होता, आणि तो अकोल्याला गेला होता.

तिने सगळा कोड वाचून काढला. ‘फाटक’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. शेवटी तिने सर्व्हिसच बंद केली. आता कोणी काही विचारतही नव्हतं. तरी पडद्यावर अलगद तीच ओळ उमटली.

मयुरा खिडकीशी गेली. फाटक उघडं होतं, समोर कोणीच नव्हतं. फक्त नुकतीच एखादी गाडी थांबावी तशी धूळ उन्हात तरंगत होती.

तिने दुर्गेशला फोन लावला. “कुठं आहेस गा?”

“फाटकापाशीच तं उभा आहो, ताई.” त्याचा आवाज झोपेतल्यासारखा मऊ होता.

“इथं कोणीच नाही, दुर्गेश.”

“काहून मजाक करून राहिली वं? खिडकीतून हात हलवला ना तू मले.”

मयुराने हात हलवला नव्हता. तिने खिडकीचा गज घट्ट धरला होता.

“हे पाह्य, आलीच तू खाली,” दुर्गेश आनंदाने म्हणाला.

फोनमध्ये ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. मग अगदी जवळून मयुराचाच आवाज ऐकू आला. “आला गा? चाल, किती वाट पाहिली मी तुही.”